पहाऱ्याच्या वहीतले नाव : वास्कोतील एका चंदगडी कामगाराचे प्रकरण

वास्कोच्या मांगोर हिल भागात राहणाऱ्या आणि वेर्णा औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या एका तरुणाचे हे प्रकरण आहे. तो कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्यातला. 2016 सालच्या दिवाळीनंतर तो गोव्यात आला, तेव्हा त्याचे वय 21 वर्षांचे होते. त्याच्या संमतीने हे लिहीत आहे. नाव आणि गाव मात्र दिलेले नाही. मी पूर्वी माध्यमिक शाळेत मराठी शिकवत असे आणि गेली अनेक वर्षे आमच्या वाड्यावरच्या भजनी मंडळाची वही ठेवतो, त्यामुळे यातील बराचसा भाग मी स्वतः पाहिलेला आहे आणि उरलेला त्याच्याशी व त्याच्या पत्नीशी वेळोवेळी झालेल्या बोलण्यातून समजलेला आहे. हे शहर त्याला जवळजवळ तीन वर्षे परके वाटत होते. पुढे ते त्याला आपले कशामुळे वाटू लागले आणि त्याला एवढा वेळ का लागला, असा माझा प्रश्न आहे. त्या विलंबातला काही वाटा आमचाही आहे, हे आधीच नोंदवून ठेवतो.

कुठून आणि कशासाठी

त्याच्या घरी दीड एकर जमीन, आई-वडील आणि धाकटा भाऊ. पावसाळ्यात भात आणि नाचणी, पुढे थोडी रताळी, बांधावर काजूची झाडे. अशा घरात खाण्यापुरते धान्य येते, पण रोख पैसा वर्षातून एकदाच, काजूच्या हंगामात दिसतो; आणि वडिलांचे औषध, भावाची फी व सोसायटीचा हप्ता दर महिन्याला रोखच मागतात. चंदगड तालुक्यातून गोव्याला कामाला येणे ही नवी गोष्ट नाही. तिलारीचा घाट उतरला की दोडामार्ग, आणि दोडामार्ग ओलांडला की गोवा. हॉटेलांत, बेकऱ्यांत आणि कारखान्यांत तिकडची मुले पूर्वीपासून आहेत. याच्या गावातले चौघे आधीच वेर्ण्याला होते. त्यांच्यातल्या एकाने ठेकेदाराला फोन केला आणि हा बारावी झालेला मुलगा एका पिशवीनिशी आला.

मुंबई-पुण्याच्या माणसाला वास्को हे मोठे शहर वाटणार नाही. परंतु शहराचे मोठेपण येणाऱ्याच्या गावावरून ठरते. 2011 च्या जनगणनेत गोव्यातील सुमारे 62 टक्के लोक नागरी भागात राहत होते, आणि हे प्रमाण देशातील सर्व राज्यांत सर्वाधिक होते. बंदर, नौदल, गोदी, रेल्वेचे अखेरचे स्थानक आणि शेजारी विमानतळ अशा या गावात तमिळ, तेलुगू, कन्नड, हिंदी, मराठी आणि कोकणी एकाच बाजारात ऐकू येतात. ज्याच्या गावात प्रत्येक घराचा उंबरा ओळखीचा, त्याला हे शहर अफाटच वाटणार.

भाषेची अडचण येणार नाही, असे त्याला वाटले होते. चंदगडी बोलीत कोकणीशी मिळणारे पुष्कळ शब्द आहेत. महिनाभरात त्याला वाड्यावरचे बोलणे समजू लागले. याचा एक परिणाम मला फार उशिरा ध्यानात आला. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या दूरच्या राज्यांतल्या मुलांना आपल्याविषयी काय बोलले जाते ते कळत नसे. याला सगळे कळे. बसमध्ये मागून कोणी ‘घाटी’ म्हटले, दुकानात कोणी ‘भायले’ (बाहेरचे) आल्याने गाव बिघडला म्हणाले, की तो ऐकत असे, आणि आपल्याला समजलेले नाही असे दाखवत असे. जवळची भाषा माणसाला लवकर आत घेते असे आपण मानतो. या प्रकरणात तिने आधी दुखावले.

खोली

पाच जण, एक खोली, एक मोरी. भाडे वाटून प्रत्येकी दीड हजार रुपये, आणि हातात येणारा पगार साधारण 11 हजार. पाळी तीन प्रकारची, कंपनीची बस ठरलेल्या नाक्यावर येई. गळ्यातल्या ओळखपत्रावर कारखान्याचे नाव नसे, ठेकेदाराचे असे. म्हणून आपण कुठे काम करतो हे सांगतानासुद्धा तो अडखळत असे.

गाववाल्यांची ही खोली नसती तर तो पहिल्या आठवड्यातच परत गेला असता, हे तो स्वतः सांगतो. पण खोलीत सारे बोलणे गावाविषयी: कोणाच्या शेतात हत्ती आला, कोणाचे लग्न ठरले, यंदाच्या शिमग्याला कोण जाणार. पाळ्या वेगवेगळ्या असल्याने पाचही जण एकत्र क्वचितच जागे असत. खोलीला लागून असलेल्या घरात कोण राहते, हे दोन वर्षांनीही त्यांना ठाऊक नव्हते. घरमालकाला भाडे रोख हवे असे आणि भाडेकरार करून देण्याची त्याची तयारी नव्हती, त्यामुळे पत्त्याचा पुरावा नाही, आणि पुरावा नाही म्हणून गॅसची जोडणी नाही.

येथे मला मुंबईतल्या गोवेकरांच्या कुडींची, म्हणजे गावकऱ्यांसाठीच्या सामायिक बिऱ्हाडांची, आठवण होते. गोव्यातील ख्रिस्ती गावांनी धोबीतलाव, माझगाव अशा भागांत आपापल्या गावाच्या नावाने कुडी चालवल्या. बोटीवर जाणारा खलाशी, नोकरी शोधणारा तरुण थोडक्या पैशांत तेथे उतरत असे. गावच्या संताची वेदी असे, आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून रोझरी म्हणण्याचा दंडक असे. आमचे हिंदू गोवेकरही गिरगावात असेच एकमेकांच्या आधाराने राहिले. म्हणजे परक्या शहरात आधार शोधणे हा गोव्याचा स्वतःचाच जुना अनुभव आहे, आणि तो विसरून आपण घाटावरून आलेल्या मुलाला ‘तूं खंयचो?’ (तू कुठला?) असे विचारतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. कुडीत आणि मांगोर हिलच्या त्या खोलीत मात्र एक मोठा फरक होता. कुडीला नियम होते, वेळ होती, न आलेल्याची चौकशी होती. खोलीला भाड्याच्या तारखेखेरीज दुसरे काही नव्हते. तो रात्रपाळीहून आला नाही तर जास्तीची पाळी लागली असेल, असे समजून बाकीचे झोपत.

देऊळ आणि सतरंज्या

2018 च्या श्रावणात तो पहिल्यांदा आमच्या देवळात आला. वास्कोचा श्रावण म्हणजे दामोदराचा सप्ताह. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी श्रीफळ ठेवून अखंड भजन सुरू होते; ते रात्रंदिवस चालते आणि वेगवेगळ्या समाजांची पथके आळीपाळीने गातात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साथीच्या संकटात जांबावलीच्या दामोदराचा नारळ आणून हे भजन सुरू झाले, अशी परंपरा सांगतात. जुना नारळ खारीवाड्यावर समुद्रात विसर्जित होतो आणि नवा वर्षभर राहतो. त्याच धर्तीवर आमच्या वाड्यावरच्या लहान देवळातही श्रावणात एक अहोरात्र भजन असते. तो रात्री बाजारातून येताना पखवाज ऐकून थांबला.

त्याच्या गावी वारकरी भजन आहे. हरिपाठ, काकडा, टाळ घेऊन उभ्याने पावली खेळणे आणि सप्ताहात वीणा खाली न ठेवता पहाऱ्यापहाऱ्याने गळ्यात घेणे, हे त्याने लहानपणापासून केलेले. आमचे भजन बैठकीचे: पेटी, पखवाज, झांज आणि रागदारीच्या चाली. कला अकादमीच्या भजनी स्पर्धांनी ही शिस्त गावोगाव पोहोचवली आहे. शब्द त्याला पाठ होते, चाल एकही येत नव्हती. गोव्याचे हे वेगळेपण बाहेरच्या मराठी माणसाच्या लवकर ध्यानात येत नाही: आमच्या हिंदू घरांत बोलणे कोकणीत चालते आणि देवापुढचे गाणे मराठीत. 1987 च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषा केले व मराठीच्या वापराला मुभा दिली, आणि त्यावरचा वाद अजून निवलेला नाही. पण देवळात कोणत्या भाषेत गावे असा प्रश्न कोणी विचारत नाही. त्यामुळे रस्त्यावर ज्याची भाषा बाहेरची ठरत होती, त्याचे शब्द गाभाऱ्यासमोर आधीपासून हजर होते.

आम्ही त्याचे काय केले, हे आता सांगितले पाहिजे. आम्ही त्याला सतरंज्या उचलायला सांगितल्या. तो आला की मंडप बांधायचा, पाण्याचे पिंप भरायचे, महाप्रसादाची भांडी हलवायची. तो तगडा होता आणि नाही म्हणत नसे. मंडळातले दोघे ज्येष्ठ त्याला प्रेमाने ‘आमचो घाटी’ म्हणत, आणि त्या ‘आमचो’मध्ये सगळे आले असे आम्हांला वाटत असे. वर्षभर तो सरावाच्या दिवशी येऊन मागे बसला, पण त्याच्या हाती कोणी झांज दिली नाही. फुकट मिळालेला मजूर आणि आपला माणूस यांत फरक करण्याची दक्षता आम्ही घेतली नाही. ज्या संस्था परगावच्या माणसांना ‘सामावून घेतल्याचे’ अभिमानाने सांगतात, त्यांनी त्या माणसांना नेमके कोणते काम दिले आहे, हे एकदा तपासावे.

2019 च्या श्रावणात पहाऱ्यांची, म्हणजे अखंड भजनातल्या पाळ्यांची, वही भरताना रात्री दोन ते चारचा पहारा रिकामा राहिला. ती वेळ कोणालाच नको असते. तो रात्रपाळीला सरावलेला आहे म्हणून मी त्याचे नाव तेथे घातले. त्यात कोणताही उदार विचार नव्हता; वहीतली रिकामी ओळ भरणे एवढाच हेतू होता. त्याने मात्र त्या दिवसासाठी आपली पाळी बदलून घेतली, अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून दीड वाजताच आला. तीनच्या सुमारास गाणारे आम्ही तिघेच उरलो होतो आणि माझा आवाज बसला होता. भजन खंडित होऊ द्यायचे नाही म्हणून त्याने एक गौळण आपल्या गावच्या चालीत उचलली. ती चाल सरळ, उंच स्वरातली, पाय आपोआप हलतील अशी होती. पखवाज वाजवणारे काका पहिल्या दोन आवर्तनांत चाचपडले आणि मग त्यांनी ठेका धरला. बाहेर ओट्यावर पेंगणारे चार-पाच जण उठून आत आले. चार वाजता पुढची जोडी आली, तरी तो उठला नाही.

पुढच्या आठवड्यात काकांनी त्याला ती चाल पुन्हा म्हणायला लावली आणि पेटीवाल्याने स्वर लिहून घेतले. त्यानंतर तो दर सरावाला पुढे बसू लागला. एकदा तापामुळे तो दोन वेळा आला नाही. तिसऱ्या दिवशी भाजी घेताना काकांनी त्याला बाजारातच अडवले आणि म्हणाले, “काल खंय आशिल्लो रे? आमी वाट पळयली.” (काल कुठे होतास? आम्ही वाट पाहिली.) गोव्यात आल्यापासून आपण दिसलो नाही म्हणून कोणीतरी आपल्याला विचारले, असा तो पहिलाच प्रसंग होता, असे त्याने मला नंतर सांगितले. खोलीवर गेल्यावर त्याने आईला फोन केला, पण काय घडले ते तिला समजावता आले नाही.

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा येथे आहे. त्याच्या पगारात, पत्त्यात किंवा भाषेत त्या महिन्यात काहीही बदललेले नव्हते. बदलले ते इतकेच, की एका ठरलेल्या वेळी, एका ठरलेल्या ठिकाणी तो नसेल तर काहीतरी अडणार होते.

कुंपणाच्या आतले दिवस

2020 च्या मार्चअखेर टाळेबंदी आली. कारखाना थांबला. मार्चचा पगार मिळाला. पुढे ठेकेदाराने फोन उचलणे बंद केले. मे महिन्यात जाण्याची परवानगी मिळताच खोलीतले चौघे गावी गेले. हा राहिला, कारण कारखाना सुरू होताना जो हजर असेल त्यालाच घेतील, अशी भीती होती. 1 जानेवारी 2020 पासून गोवा आणि महाराष्ट्र ही दोन्ही राज्ये शिधापत्रिकेच्या आंतरराज्य सोयीत होती, म्हणजे चंदगडच्या कार्डावर त्याचा वाटा त्याला वास्कोत उचलता आला असता. हे त्याला ठाऊक नव्हते आणि आम्हांलाही नव्हते. मंडळातल्या घरांनी आळीपाळीने त्याला उकडे तांदूळ, डाळ आणि कधी सुके बांगडे पोहोचवले. वृद्धांची औषधे आणण्याचे काम त्याने आपण होऊन घेतले.

जूनच्या आरंभी मांगोर हिल हा गोव्यातला पहिला प्रतिबंधित विभाग जाहीर झाला आणि रस्त्यावर अडथळे उभे राहिले. त्या दिवसांत आम्ही जे अनुभवले ते मला महत्त्वाचे वाटते. आम्ही पिढ्यान्‌पिढ्यांचे गोंयकार, पण मांगोर हिलचा म्हटले की लोक दूर सरत. माझ्या बहिणीच्या गावातून मला निरोप आला की या वर्षी चवथीला (गणेश चतुर्थीला) येऊ नये. नाव, जात, भाषा यांतले काहीही न विचारता, निव्वळ पत्त्यावरून आम्ही बाहेरचे ठरलो. त्या कुंपणाच्या आत ‘भायलो’ आणि ‘गोंयकार’ एकाच रांगेत दुधासाठी उभे होते. त्याच्या मागच्या चार वर्षांविषयी मी त्याला प्रथमच नीट प्रश्न विचारले, ते त्या रांगेत. त्याआधी ते सुचले नव्हते, ही माझी चूक.

ऑगस्टमध्ये तो गणपतीला गावी गेला. गावाने त्याला थेट घरी न जाऊ देता प्राथमिक शाळेत चौदा दिवस ठेवले. चतुर्थी 22 ऑगस्टला होती. आरती त्याने भावाच्या फोनवरून ऐकली. नियम योग्यच होता, असे तो म्हणतो. पण शाळेच्या खिडकीपाशी येऊन लहान मुले ‘गोव्याचा आला’ असे ओरडत, ते त्याला लागले. ज्या गावाच्या आठवणीवर त्याने शहरात दिवस काढले, त्या गावाने त्याला शहराचा म्हटले. त्या रात्री त्याने मला फोन केला आणि बराच वेळ वाड्यावरच्या एकेका माणसाची चौकशी केली. काकांचा खोकला, पेटीवाल्याच्या मुलीची परीक्षा, देवळाच्या मागचे गळणारे कौल. मी उत्तरे देत गेलो. तो परत येणार, हे मला त्या चौकशीवरून कळले.

पहाऱ्यांच्या फळ्यावर पहिल्या वर्षी मी त्याच्या नावापुढे त्याच्या गावाचे नाव लिहिले होते. 2021 मध्ये मी ते गाळले. आता तो आमचाच झाला, असे मला दाखवायचे होते. फळा पाहून तो काही बोलला नाही. दोन दिवसांनी त्याने नम्रपणे विचारले, “सर, गावाचं नाव परत लिहाल का?” मला आधी वाईट वाटले. मग त्याने सांगितले की चंदगडचा ग्रामदेव रवळनाथ आहे आणि गोव्यातल्या पेडण्यातही रवळनाथ आहे. देव दोन्हीकडे राहू शकतो, तर माणसाने एक गाव पुसावे कशाला. मी गावाचे नाव लिहिले, आणि तेव्हापासून ते दर वर्षी लिहितो.

काय सुटले, काय राहिले

आज तो त्याच वसाहतीतल्या दुसऱ्या कारखान्यात कायम कामगार आहे. मंडळातल्या एकाच्या ओळखीने त्याला वेगळे घर मिळाले, आणि या घरमालकाने रीतसर भाडेकरार केला. त्यामुळे गॅस आणि बँकेचा पत्ता हे प्रश्न सुटले. नुसत्या ओळखीने कागद होत नाहीत हे खरे. पण या प्रकरणात कागद होण्याआधी ओळख व्हावी लागली, आणि हा क्रम मला चुकीचा वाटतो. भाडेकरार हा भाडेकरूचा हक्क असला पाहिजे. तो मिळण्यासाठी कोणाला गौळण म्हणता यावी लागू नये. सरकारी नोकरीसाठी गोव्यात पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला लागतो. त्याची पंधरा वर्षे 2031 मध्ये भरतील, तीही वास्तव्याचे पुरावे ग्राह्य धरले गेले तर. मतदान तो अजून गावीच करतो आणि ते बदलण्याचा त्याचा विचार नाही.

त्याच्या पत्नीचे प्रकरण वेगळे आहे, आणि ते सुटलेले नाही. लग्नानंतर 2022 मध्ये ती वास्कोला आली. तिलाही चंदगडीमुळे कोकणी कळते, पण तिला पाळी नाही, कंपनीची बस नाही, पहारा नाही. नवरा देवळात जातो तेव्हा ती लहान मुलीला घेऊन घरी असते. त्याला आपलेसे करणारे मंडळ पुरुषांचे आहे, ही गोष्ट इतकी वर्षे माझ्या मनात कधी आली नव्हती. तिने एकदा चहा देता देता सहज विचारले की तुमच्या वहीत बायकांची पाने असतात का, तेव्हा आली. वाड्यावर महिलांचेही भजनी मंडळ आहे. त्यांचा सराव दुपारी चार वाजता असतो, आणि नेमकी तीच तिच्या मुलीची अंगणवाडीतून आल्यावर झोपण्याची वेळ. चवथीच्या फुगड्यांना ती गेल्या वर्षी एक दिवस गेली होती. तेथे तिला एकीने ‘तूं खंयची?’ असे विचारले, तेवढेच तिच्या लक्षात राहिले आहे.

यंदा मृग लागण्याआधी माझी पत्नी महिला मंडळाकडे सरावाची वेळ पाचची करण्याविषयी बोलणार आहे. मुलीला सरावाला आणले तरी चालेल का, हेही ती विचारणार आहे. माझ्या पत्नीची आणि त्याच्या पत्नीची आजवर फक्त जिन्यात भेट झाली आहे, म्हणून आधी रविवारी माझी पत्नी त्यांच्या घरी जाऊन येईल.